एकाच पिंपाच्या तीन संध्याकाळी : हार्वीज ससेक्स बेस्ट बिटर

इंग्लंडच्या दक्षिणेला, ससेक्समध्ये, लुइस या जुन्या गावाच्या जवळ मी गेली काही वर्षे राहते आणि आमच्या घरापासून सात मिनिटांच्या चालीवर एक लहानसा पब आहे. मागच्या महिन्यात नाशिकहून माझा थोरला भाऊ आला असताना आम्ही दोघे गुरुवार, शनिवार आणि रविवार अशा तीन संध्याकाळी तिथे गेलो आणि तिन्ही वेळा एकाच पिंपातली हार्वीज ससेक्स बेस्ट बिटर प्यायलो. एका ग्लासावरून या बियरविषयी लिहिणे मला अन्यायाचे वाटते, कारण ती बाटलीतल्या बियरसारखी कारखान्यातून पूर्ण होऊन येत नाही. तिचे शेवटचे काम पबच्या तळघरात होते, आणि ते काम कोणत्या दिवसापर्यंत आले आहे त्यावर तुमच्या ग्लासातली चव ठरते. म्हणून हे परीक्षण एका पिंपाचे आहे, आणि जितके ते मद्यशाळेचे, म्हणजे बियर बनवणाऱ्या कारखान्याचे, आहे तितकेच तळघराचेही आहे.

पहिल्या संध्याकाळी पहिला घोट घेतल्यावर दादाने विचारले, "अगं, ही गार का नाही?" भारतातून येणारा जवळजवळ प्रत्येक पाहुणा हाच प्रश्न विचारतो आणि इंग्रज लोक बियर गरम पितात असा समज घेऊन परत जातो. कास्क बिटर, म्हणजे पिंपातच पूर्ण होणारी ही बियर, गरम नसते. ती 11 ते 13 अंश सेल्सिअसवर, म्हणजे उन्हाळ्यात माठातल्या पाण्यापेक्षा बरीच थंड, पण फ्रिजमधल्या लागरपेक्षा, म्हणजे भारतात नेहमी मिळते त्या बियरपेक्षा, उबदार असते. ही निगराणीतली ढिलाई नव्हे, ही ठरवून राखलेली उष्णता आहे. खूप थंड पेयाने जीभ बधिर होते आणि माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूचा, गोडवा, हॉप्स या वेलीच्या कडवट फुलांचा सुवास, यीस्टने आणलेली फळांची छटा हे सगळे मिटून जाते. लागर तहान भागवण्यासाठी गटागटा प्यायची असते, तिला थंडी शोभते. बिटर गप्पा मारत तासभर पुरवायची असते आणि ग्लासातला शेवटचा चौथा भाग पहिल्या घोटाहून अधिक चवदार लागावा अशी तिची रचना असते. दादाला मी एवढेच सांगितले की निम्मा ग्लास होईपर्यंत मत बनवू नकोस, आणि त्याने ते ऐकले.

बिटर हे नाव मद्यशाळांनी दिलेले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास मद्यशाळा तिला पेल एल, म्हणजे फिकट बियर, म्हणत, पण पबमधली गिऱ्हाइके तेव्हाच्या सौम्य, कमी हॉप्सच्या माइल्डपासून ही बियर वेगळी ओळखण्यासाठी सरळ "कडू द्या" असे मागू लागली आणि तेच नाव रूढ झाले. याच पेल एलच्या घराण्यातली एक शाखा जास्त हॉप्स घालून जहाजांतून मुंबई, मद्रास आणि कोलकात्याच्या बंदरांत येत असे. मायदेशी राहिलेली शाखा हळूहळू हलकी होत गेली, महिनोन्‌महिने साठवण्याऐवजी दोन-तीन आठवड्यांत संपवायची झाली आणि आज आपण जिला कास्क बिटर म्हणतो ती तयार झाली. नावावरून कारल्यासारख्या कडूपणाची अपेक्षा करणाऱ्याचा मात्र भ्रमनिरास होईल. हा कडवटपणा मेथीच्या भाजीच्या जातीचा आहे. तो घोटाच्या शेवटी येतो, तोंड स्वच्छ करतो आणि पुढच्या घोटाची इच्छा जागवून जातो.

हार्वीज ही लुइसमध्ये ऊज नदीच्या काठी असलेली मद्यशाळा 1790 पासून चालत आलेली आहे. तिची व्हिक्टोरियन काळातली उंच मनोऱ्याची इमारत विल्यम ब्रॅडफर्ड या वास्तुरचनाकाराने बांधली आणि गावकरी तिला प्रेमाने लुइसचे कॅथेड्रल म्हणतात. मनोऱ्याची ही रचना शोभेसाठी नाही. धान्य आणि पाणी वरच्या मजल्यावर नेले की पुढची सगळी कामे गुरुत्वाकर्षणाच्या ओढीने एकेक मजला खाली उतरत होत जातात. पाणी खडूच्या डोंगरांतून झिरपत आलेले, स्वतःच्या विहिरीचे आहे. हॉप्स ससेक्स, केंट आणि सरे या शेजारच्याच परगण्यांतल्या शेतांचे, फगल, गोल्डिंग्ज, प्रोग्रेस आणि ब्रॅम्लिंग क्रॉस या वाणांचे असतात. 2000 सालच्या ऑक्टोबरात ऊज नदीला आलेल्या पुराचे पाणी या मद्यशाळेत शिरले होते आणि त्यातून ती पुन्हा उभी राहिली. नदीकाठच्या गावात वाढलेल्या माणसाला त्या कष्टाची कल्पना सांगावी लागत नाही.

या सगळ्यांत मला अधिक महत्त्वाचे वाटते ते यीस्ट. यॉर्कशरमधल्या टॅडकॅस्टर गावच्या जॉन स्मिथ्स या मद्यशाळेतून 1957 मध्ये आणलेले यीस्ट हार्वीज आजही वापरते. एका घाण्यातले यीस्ट काढून पुढच्या घाण्यात घालायचे, त्यातले त्याच्या पुढच्यात, असे ते इतकी वर्षे अखंड चालले आहे. आपल्या घरी कालच्या दह्याच्या चमचाभर विरजणातून आजचे दही लागते आणि एखाद्या घरच्या दह्याची चव दुसऱ्या घरी नेमकी तशी येत नाही, तसेच हे आहे. साठहून अधिक वर्षांत ते यीस्ट त्या इमारतीचे आणि त्या पाण्याचे होऊन गेले आहे. ससेक्स बेस्टमध्ये जी एक विशिष्ट, किंचित रानटी, पिकत आलेल्या सफरचंदाच्या सालीसारखी छटा लागते, ती तिथून येते अशी माझी समजूत आहे.

आता तळघराकडे येते, कारण परीक्षणाचा खरा विषय तिथे आहे. पबच्या मालकीणबाईंनी आमची उत्सुकता पाहून गुरुवारी आम्हाला खाली नेले. अरुंद लाकडी पायऱ्या, वर आले की लक्षात येते इतका गारवा आणि चुन्याने रंगवलेल्या भिंती. एका बाजूला आपल्या घरी हंडे-कळशा ठेवायला घडवंची असते तशा लाकडी मांडणीवर पिंपे आडवी ठेवलेली होती आणि प्रत्येक पिंपाखाली ते हलू नये म्हणून पाचरी होत्या. या लहान पिंपाला फर्किन म्हणतात. त्यात 9 गॅलन, म्हणजे सुमारे 41 लिटर बियर मावते आणि तिचे 72 पाइंट, म्हणजे पबमधले मोठे ग्लास, होतात. प्रत्यक्षात तळाचा गाळ सोडावा लागतो, त्यामुळे सगळे 72 कधीच विकता येत नाहीत.

पिंप मद्यशाळेतून येते तेव्हा आतली बियर जिवंत असते. यीस्ट अजून थोडी साखर खात असते आणि त्यातून वायू तयार होत असतो. पिंपाच्या पोटावर मध्यभागी एक लाकडी बूच असते. त्यात आधी सच्छिद्र लाकडाची मऊ खुंटी ठोकतात, म्हणजे जादा वायू हळूहळू निघून जातो. फसफसणे शांत झाले की तिच्या जागी टणक खुंटी बसवतात आणि उरलेला वायू आत राखतात. केव्हा एक काढायची आणि केव्हा दुसरी बसवायची हे कोणत्याही घड्याळावर लिहिलेले नसते. मालकीणबाई खुंटीच्या टोकावर येणारे बुडबुडे पाहून ठरवतात. "घाई केली तर बियर तोंडात टोचते आणि उशीर केला तर ती मरगळते," असे त्या म्हणाल्या. त्यानंतर पुढच्या तोंडात हातोडीने तोटी ठोकायची, थोडी बियर काढून उजेडात पाहायची, चाखायची आणि मगच वरच्या पंपाला नळी जोडायची. पिंप आल्यापासून इथवर दोन दिवस तरी जातात. त्यानंतर मात्र घाई सुरू होते, कारण जितकी बियर बाहेर निघते तितकी हवा आत शिरते आणि हवेने ती तीन-चार दिवसांत उतरू लागते. शाकाहारी वाचकांसाठी इथेच एक सूचना देते. पिंपातला गाळ लवकर तळाशी बसावा म्हणून पारंपरिक पद्धतीत आयसिंग्लास घालतात. आपल्याकडे गढूळ पाणी स्वच्छ करायला निवळीचे बी उगाळून घालत, तसाच याचा उपयोग, पण हा पदार्थ माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून करतात. घोळ माशाच्या पिशवीला पालघर-मुंबईच्या बाजारात केवढा भाव मिळतो हे कोकणातल्या वाचकांना माहीत असेल, तोच हा अवयव. तो गाळाबरोबर तळाशी बसतो, तरी ज्यांना तो नको असेल त्यांनी काउंटरवर आधी विचारावे. त्याशिवाय केलेल्या बियरही आता मिळतात.

वर काउंटरवर जो उंच दांडा दिसतो तो हातपंपच आहे, आपल्या बोअरवेलच्या पंपाचा लहान भाऊ. तळघरातली बियर केवळ या दांड्याच्या ओढीने वर येते, तिला ढकलायला बाहेरून वायू भरलेला नसतो. अशा पंपाचे पेटंट जोसेफ ब्रॅमा या इंग्रज संशोधकाने 1797 मध्ये घेतले होते आणि तत्त्व आजही तेच आहे. मालकीणबाईंनी तीन संथ, लांब ओढींत पाइंट भरला. उत्तर इंग्लंडमध्ये तोटीला बारीक छिद्रांचा तुकडा लावून साईसारखा दाट फेस आणतात, इथे दक्षिणेत तो लावत नाहीत. त्यामुळे ग्लासावर बोटभर, सैल, लवकर ओसरणारा फेस येतो. फेस कमी म्हणजे माप कमी असे समजू नये, उलट 568 मिलिलिटरच्या पाइंटातला द्रव इथे अधिक मिळतो. फेसाच्या दोन पद्धतींवरून उत्तर आणि दक्षिण यांच्यात वाद आहे. माझे मत दक्षिणेच्या बाजूने आहे, निदान या बियरपुरते तरी, कारण हिचा सुवास नाजूक आहे आणि दाट फेसाखाली तो कोंडला जातो.

गुरुवारी आम्ही प्यायलो ती बियर अजून कोवळी होती. रंग तांब्याच्या घासलेल्या भांड्यासारखा, द्रव आरपार स्वच्छ. वासात भाजलेल्या पोळीचा खरपूसपणा आधी आला, मागून वाळलेले गवत आणि जरासा गंधकाचा वास, जो काही क्षणांत उडून गेला. चवीत माल्ट आणि हॉप्स अजून वेगवेगळे उभे होते, एकमेकांशी ओळख न झालेल्या पाहुण्यांसारखे. कडवटपणा थोडा टोकदार होता आणि जिभेवर बुडबुड्यांची बारीक चुणचुण होती. वाईट मुळीच नव्हती, इतर कुठे मिळाली असती तर मी समाधानाने घरी गेले असते. पण या पबमध्ये तिचे पुढचे दिवस मला ठाऊक होते.

शनिवारी तीच बियर पूर्ण झाली होती. पहिल्या घोटालाच ती भरल्या अंगाची लागली, जणू दोन दिवसांत कोणी तिच्यात काही मिसळले होते, आणि मिसळला होता तो फक्त वेळ. सुरुवातीला बिस्किटासारखी, किंचित काकवीकडे झुकणारी गोडी, जी गोड म्हणण्याच्या आतच मागे सरते. मग संत्र्याची साल नखाने खरवडल्यावर येतो तसा वास, त्यामागे काळ्या मनुकांची आठवण देणारे काहीतरी, जे बहुधा ब्रॅम्लिंग क्रॉस हॉप्सचे देणे असावे. मध्येच पावसानंतरच्या कुंपणाच्या झुडपांसारखा ओलसर, मातकट सूर. आणि शेवटी तो कडवटपणा, आता टोक घासून गोल झालेला, कोरडा, घशाच्या मागे बराच वेळ रेंगाळणारा. वायू अगदी बेताचा होता, म्हणजे बियर तोंडात फुटत नव्हती, पसरत होती. एवढे सगळे फक्त 4 टक्के अल्कोहोलमध्ये बसवले आहे, हे मला या बियरचे सर्वांत मोठे यश वाटते. जास्त अल्कोहोल आणि मूठभर अमेरिकन हॉप्स घालून सुवासाचा धबधबा करणे तुलनेने सोपे आहे. इतक्या हलक्या पेयात इतके थर ठेवायला हात फार स्थिर लागतो. लंडनच्या ग्रेट ब्रिटिश बियर फेस्टिवलमध्ये 2005 आणि 2006 अशी लागोपाठ दोन वर्षे तिला बेस्ट बिटर गटात पहिले स्थान मिळाले, ते मला पूर्ण न्याय्य वाटते. दादाने त्या संध्याकाळी पहिल्या दिवसाचा प्रश्न पुन्हा विचारला नाही. द्राक्षबागांच्या गावचा असल्यामुळे वाइनमध्ये वर्षांचा फरक त्याला कळतो, तो म्हणाला, "हिच्यात तर दिवसांचा फरक आहे."

खाण्यासोबत म्हणाल तर या बियरला तिखट मसाल्याचे जेवण फारसे मानवत नाही, तिचे थर मसाल्याखाली दबतात. आम्ही जाड कापलेला चेडर चीजचा तुकडा, कांद्याचे लोणचे आणि पाव घेतला होता. चीजच्या खारट तुपटपणावर बिटरचा कोरडा शेवट फार छान बसतो. घरून नेता आले असते तर मी खारे दाणे नेले असते.

रविवारी संध्याकाळी पिंप तळाशी आले होते. बियर अजून निर्मळ होती, पण तिचा आवाज खाली गेला होता. चुणचुण संपलेली, संत्र्याच्या सालीचा वास पुसट, उरला होता तो माल्टचा मऊ, थोडा भिजल्या बिस्किटासारखा गोडवा आणि संथ कडवटपणा. काही जुने गिऱ्हाईक पिंपाचा हाच शेवटचा भाग मुद्दाम पितात, त्यांना तो अधिक मायाळू वाटतो. मला शनिवारच हवा, पण रविवारचा पाइंटही मी आनंदाने संपवला.

हेच पिंप आणखी दोन दिवस ओढले असते तर काय झाले असते, ते मला ठाऊक आहे. काही वर्षांपूर्वी लंडनच्या एका मोठ्या, गर्दीच्या पबमध्ये, जिथे ओळीने दहा हातपंप होते, मला अशीच एक बिटर मिळाली होती. वासात सरळ व्हिनेगर होते आणि द्रव धुरकट झाला होता. दहा पंप ठेवले की प्रत्येक पिंप संपायला दहापट वेळ लागतो, हे साधे गणित आहे. ज्याने आयुष्यातली पहिली कास्क बियर तिथे प्यायली असेल तो पुन्हा या वाटेला फिरकणार नाही, याचे मला आजही वाईट वाटते. त्यामुळे नव्या माणसाला मी सांगेन की दोन-तीनच पंप असलेला, पण गिऱ्हाइकांची ये-जा असलेला पब निवडावा. पाइंट घेण्यापूर्वी घोटभर चाखायला मागण्यात काही वावगे नाही, आणि बियर आंबलेली लागली तर ग्लास नम्रपणे परत द्यावा. चांगल्या पबमध्ये तो वाद न घालता बदलून देतात. त्या लंडनच्या पबनेही दिला होता.

बाटलीतली ससेक्स बेस्टही दुकानांत मिळते आणि ती नीटस आहे, पण तिला मी याच बियरचे छायाचित्र म्हणेन. 1971 मध्ये कामरा ही ग्राहकांची चळवळ उभी राहिली ती याच फरकासाठी. त्या काळी मोठ्या कंपन्या गाळलेली, वायू भरलेली केग बियर पबोपबी बसवत होत्या आणि तळघरात पूर्ण होणारी बियर नाहीशी होण्याच्या वाटेवर होती. लुइसच्या लोकांनी तर याचा पुरावाच दिला. 2006 च्या डिसेंबरात लुइस आर्म्स या पबमधून त्याच्या तेव्हाच्या मालक कंपनीने हार्वीज काढून टाकली, तेव्हा नेहमीच्या गिऱ्हाइकांनी पबवर बहिष्कार घातला आणि 133 दिवस तो पाळला. दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये बियर परत आली. एका चार टक्क्यांच्या बिटरसाठी माणसे हिवाळाभर दाराबाहेर उभी राहिली, याचे मला आश्चर्य वाटत नाही. शनिवारचा तो पाइंट प्यायल्यावर दादालाही वाटले नाही.

किंमत पाइंटला पाच पौंडांच्या थोडी आत पडली. लंडनच्या मानाने ही स्वस्त आहे आणि तळघरातल्या श्रमांच्या मानाने तर फारच स्वस्त. ज्यांना कमी प्यायची असेल त्यांना अर्धा पाइंट कुठेही मिळतो आणि तो मागण्यात कमीपणा नाही. लंडनहून लुइस रेल्वेने तासाभराच्या आसपास आहे, पण तेवढेही जमत नसेल तर लंडनच्या बरो भागातला रॉयल ओक हा पब हार्वीजचाच आहे.

रविवारी आमच्यानंतर एका वृद्ध गृहस्थांनी पाइंट मागितला. मालकीणबाईंनी दांडा ओढला, दुसऱ्या ओढीला नळीत हवा खरखरली आणि ग्लासात ढगाळ बियर आली. त्यांनी ग्लास दिव्यासमोर धरला, एक शब्द न बोलता मोरीत ओतला, पंपावरची हार्वीजची पाटी पाठमोरी फिरवली आणि गृहस्थांना दुसऱ्या पंपावरची बियर दिली. दादाने पुढचे पिंप कधी लागेल असे विचारले. "ते काल आलेय, अजून बुडबुडे येताहेत," त्या म्हणाल्या, "मंगळवारी या." दादाचे परतीचे तिकीट बुधवारचे होते.